हो दाबणारे जावईबापू

मी नाकं बनवते. कान बनवते, बोटं बनवते, पण जास्त करून नाकं. कॅन्सरनं नेलेली, अपघातात गेलेली, कुत्र्यानं ओढलेली. सिलिकॉन ओतायचं, माणसाच्या कातडीशी रंग जुळवायचा, बारीक शिरा एकेक करून रंगवायच्या. नाकावरून जेवढे म्हणून विनोद होतात तेवढे सगळे माझे ऐकून झालेत. दुकानात येणारा प्रत्येक शहाणा एक ऐकवतो आणि स्वतःच हसतो.

त्या दिवशी समोरच्या खुर्चीत गणिताच्या बाई बसल्या होत्या. तोंडावर कापडी मास्क. सात महिन्यांपूर्वी ऑपरेशनमध्ये त्यांचं नाक काढलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याचं स्कॅन घेतलं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी जे जाणार त्याचं हुबेहूब माप. जखम भरेपर्यंत थांबणं भाग होतं. आता भरली होती. येत्या सोमवारी शाळा उघडणार होती.

"मला माझंच नाक पाहिजे," बाई म्हणाल्या. "सुंदर बिंदर काही नको. पोरं तासभर माझ्या तोंडाकडे बघतात. फळ्याकडे बघायची अक्कल असती तर पास नसती झाली?"

ते स्कॅन एका हार्ड डिस्कवर होतं. फक्त तिच्यावर. दुसरी डिस्क घ्या म्हणून मी मालकांच्या मागे लागले होते. "पहिली भरली का? नाही ना? मग?" संपला विषय. मग मीही गप्प बसले. पेनड्राइव्हवर टाकून घरी नेता आलं असतं, तेही केलं नाही. हा माझा गाढवपणा. तो आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं दुसऱ्यांना शिव्या द्यायला मोकळी.

डिस्क लावली. दिवा लुकलुकला, संगणकानं टुंग केलं आणि पडद्यावर काहीच आलं नाही. वायर बदलली. मागच्या बाजूला लावून पाहिली. माझ्या लॅपटॉपला लावली. तेच. डिस्क फिरतेय, वीज पोचतेय, पण आतलं वाचता येत नाहीये. मी मालकांना म्हटलं, "मला दोन तास द्या. आणि कुणी हात लावू नका."

"थांब, थांब," मालक म्हणाले. "जावईबापूंना बोलावतो."

जावईबापू नेमके कशात शिकलेत हे सासऱ्यालाही सांगता येणार नाही. लग्नाच्या बोलणीत कुणीतरी 'मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणालं आणि या घरानं ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवलं. मागच्या वर्षी त्यांनी दुकानाचा प्रिंटर नीट केला. तेव्हापासून आमची सगळी पत्रं लाल अक्षरात जातात. कुणी विचारलं तर मालक सांगतात, ती आमची पद्धत आहे. जावयाला मात्र चकार शब्द नाही.

जावईबापू आले. मालकीणबाई मागोमाग चहा घेऊन आल्या आणि ट्रे धरून त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. जावईबापूंनी डिस्क उचलून कानाला लावली. फुंकर मारली. मग टेबलावर दोनदा आपटली.

"आपटू नका," मी म्हटलं.

"याला टॅप करणं म्हणतात, ताई."

"काहीही म्हणा. आत तबकडी फिरते."

"अगं, करू दे ना त्यांना," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांना कळतं त्यातलं."

तीनदा संगणक बंद करून चालू झाला. दर वेळी ते खुर्चीत मागे रेलून "आता बघा" म्हणायचे, आणि दर वेळी आम्ही चौघंजण मठ्ठासारखे एका निळ्या पडद्याकडे बघायचो. मग ते कुठल्याशा सेटिंगमध्ये शिरले. तिथं डिस्क दिसत होती, पण नुसती मोकळ्या खोक्यासारखी. तिला त्यांनी ड्राइव्हचं नाव म्हणून एक अक्षर देऊन टाकलं. लगेच पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

"आलं!" जावईबापू म्हणाले. "सापडली. आता हो म्हटलं की उघडेल."

"हो म्हटलं की पुसली जाईल," मी म्हटलं.

"तुम्ही शिल्पकलेतल्या, ताई. ज्याचं काम त्यानं करावं."

मी मालकांकडे पाहिलं. मालक छताकडे बघत होते. फॉरमॅट म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. गेल्याच महिन्यात त्यांच्या फोनचं तेच झालं होतं, याच हातानं, आणि नातवाचे सगळे फोटो गेले होते. पण जावयाला नको म्हणायचं, तेही परक्या बाईसमोर? त्यापेक्षा बाईंचं नाक गेलेलं परवडलं. आणि मी? मीही एकदा बोलून दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. सतरा वर्षांची नोकरी माणसाच्या जिभेला काय करते ते कुणीतरी स्कॅन करून बघायला पाहिजे.

"हात मागे!"

बाई उठल्या होत्या. आवाज असा, की जावईबापूंचा हात खरंच मागे गेला आणि माझा पण. बाईंनी टेबलापाशी येऊन वायर उपटली आणि डिस्क माझ्या हातात दिली.

"ही म्हणतेय पुसली जाईल. तुम्ही म्हणताय उघडेल. दोघांपैकी एकालाच माहिती आहे. कुणाला, ते मला चेहऱ्यावरून कळतं, मी बत्तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्यात. तुम्ही खाली बसा."

"अहो बाई, जावई आहेत ते आमचे," मालकीणबाई म्हणाल्या.

"माझे नाहीत."

मी माझ्या लॅपटॉपवर डिस्क लावली, तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही अशा बेतानं, आणि आत पाहिलं. डिस्क बिघडली नव्हती. ती ठणठणीत होती. कुणीतरी ती अगोदरच एकदा फॉरमॅट केली होती, संगणकाला न कळणाऱ्या पद्धतीनं.

"ही कुणी नेली होती का?" मी विचारलं.

मालक पुन्हा छताकडे. मालकीणबाई मात्र मोकळ्या मनाच्या. "परवापर्यंत तर चालत होती की! जावईबापूंच्या टीव्हीला लावलेली. मॅच साठवून ठेवत होते ना."

जावईबापू चहा ढवळत राहिले. "टीव्हीनं विचारलं, ही डिस्क तयार करू का? मी हो म्हटलं. यात माझं काय चुकलं? विचारलं होतं त्यानं."

टीव्हीनं विचारलं. त्या घरात जावईबापूंना आजवर काही विचारणारा तो पहिलाच.

फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. मजकूर आत असतो, जोवर त्यावर दुसरं कुणी गिरवत नाही. जावईबापूंनी अकरा मॅच गिरवल्या होत्या. हरवलेल्या फाइली हुडकणारा प्रोग्रॅम मी लावला. सकाळी अकराला सुरू केला, चार वाजता संपला. तेवढा वेळ बाई जागच्या हलल्या नाहीत. जावईबापू मधूनमधून डोकावून "किती टक्के?" विचारत होते, जणू त्यांचंच काम माझ्यावर सोपवलेलं.

सहाशेच्या वर फाइली निघाल्या. नावं सगळी उडालेली, नुसते आकडे. आम्ही दोघी एकेक उघडत बसलो. कान, कान, अंगठा, नाक. मी विचारायची, "हे?" बाई मान हलवायच्या. "हे तर भोपळ्याचं देठ आहे." "हा माणूस फार हट्टी असणार." एका नाकापाशी मी पटकन पुढं गेले, कारण ते ज्याचं होतं तो गृहस्थ मागच्याच वर्षी वारला.

चारशे बाराव्या फाइलला बाई म्हणाल्या, "थांब."

डाव्या बाजूनं ते नाक होतं. नाकपुडीची कड, कडेची सुरकुती, सगळं. मी ते फिरवलं. उजवी बाजू नव्हती. तिथं नुसते काटे, काचा फुटल्यासारखे चहूकडे उडालेले. कुठल्यातरी मॅचचं पहिलं षटक तिथं जाऊन बसलं होतं.

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"बघा, मिळालं की नाही?" मागून जावईबापू. "आता डावी बाजू उलटी करून उजवीकडे चिकटवा. सोपं आहे."

आणि सगळ्यात संताप कशाचा, तर ते बरोबर बोलत होते. कुणीही तेच करेल. मी केलं. पडद्यावर एक सरळ, नीटनेटकं, देखणं नाक उभं राहिलं.

"वा!" मालक म्हणाले. "ओरिजिनलपेक्षा भारी. नुकसान झालं म्हणता, उलट फायदाच झाला!"

"प्रतिबिंब मी रोज शिकवते," बाई म्हणाल्या. "हे माझं नाही. सातवीत असताना बहिणीनं मला झोपाळ्यावरून ढकललं होतं. उजवीकडे हाड वर आलेलं. चष्मा कायम एका बाजूला कलायचा."

"अहो, पण सरळ नाक असताना वाकडं कोण मागतं?" जावईबापू हसले.

मी उठले. "बाहेर जा," मी म्हटलं.

"ताई?"

"बाहेर. तुम्हीही, मालक. चहाचा ट्रे पण न्या."

"तू जावईबापूंना बाहेर काढतेस?" मालकांचा चेहरा असा, की मी त्यांनाच फॉरमॅट करायला निघालेय.

"हो," मी म्हटलं आणि दार लावलं. बाहेर मालकीणबाई मोठ्यानं विचारत होत्या की ती रागावली कशाला, टीव्हीनं तर विचारलं होतं.

पडद्यावरच्या सरळ नाकाचा साचा यंत्रावर काढून मी ते मेणात ओतलं. थंड व्हायच्या आत, अजून बोटाला दबत होतं तेव्हा, बाईंच्या हातात दिलं. बाईंनी मास्क काढला. आरसा मी पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि डोळे मिटले.

पंचावन्न वर्षं रोज सकाळी तोंड धुणारी बोटं होती ती. मेणावरून एकदा वर गेली, एकदा खाली. मग अंगठा उजवीकडे थांबला आणि दाबू लागला.

"जास्त होतंय," मी म्हटलं.

"तुला काय माहीत? तू होतीस झोपाळ्यावर?"

"नव्हते."

"मग मेण गरम ठेव."

मी दिवा जवळ ओढला.