नाक्यावरचा लाल बावटा

मित्रांनो, मी एक जुना लाल बावटा आहे. बावटा म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे मोर्चा उभा राहिला असेल. पण मी उभ्या आयुष्यात एकाही मोर्चाला गेलेलो नाही. लोकांनी मला मोर्चातला समजून मोठा घोळ घातला तो एकदाच, आणि तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

परळच्या एका गिरणीत माझा जन्म झाला. रंगखात्यातून लालबुंद होऊन बाहेर पडलो तेव्हा माझा रुबाब काय सांगू! पण घडीखात्यात एका यंत्राचं तेल माझ्यावर ठिबकलं आणि माझ्यावर 'डागी' असा शिक्का बसला. ऐन तारुण्यातच माझं नशीब फिरलं. डागी कापड कामगारांच्या वाट्याला येई. मी घडीखात्यातल्या कोंडीरामच्या वाट्याला आलो. त्याची बायको बकुळा हिने माझ्याकडे बघून नाक मुरडलं आणि मला उशीच्या खोळीसाठी बाजूला ठेवलं.

हा कोंडीराम पूर्वी सायकलच्या शर्यतीत उतरायचा. आमच्या व्यायामशाळेची शर्यत दर हिवाळ्यात असे. काळाचौकीहून सुटायचं, शीव कोळीवाड्याला वळसा घालायचा आणि परत येऊन परळच्या गल्लीत व्यायामशाळेसमोर थांबायचं. त्या गल्लीच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावर ट्रामचे रूळ होते. रूळ ओलांडताना चाक आडवं घातलं तर सायकल पार होते. तिरकं घातलं की चाक रुळाच्या खाचेत अडकतं. या गोष्टीच्या पाच वर्षं आधी त्या नाक्यावर सावध करायला कुणीच उभं नव्हतं. पुढे असलेल्या कोंडीरामचं चाक खाचेत गेलं आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा कामातून गेला. तेव्हापासून तो लंगडत चालायचा आणि शर्यतीचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघत बसायचा.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली बकुळाच्या धाकट्या भावाने, रामजीने, शर्यतीत नाव घातलं. बकुळाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "अवो, मी त्याला नाय म्हनत न्हाई. पण त्या रुळापाशी तुमी हुभं ऱ्हायचं. माझा भाऊ धड पायांनी घरी आला पायजे."

"हुभा ऱ्हातो," कोंडीराम म्हणाला.

शर्यतीचे चिटणीस हेरंब मास्तर. ते गिरगावच्या शाळेत चित्रकला शिकवत. माणूस सज्जन, पण सगळं पुस्तकात वाचून करायची सवय. त्यांनी स्वयंसेवकांना बजावलं, "धोक्याच्या वळणावर लाल निशाण हलवायचं. सबंध जगात लाल म्हणजे धोका. एकतीस जण सुटणार आहेत. एकतिसावा वळून गेल्याशिवाय निशाण खाली ठेवायचं नाही."

लाल निशाण म्हटल्यावर बकुळाला माझी आठवण झाली. तिने मला टीप घातली आणि मोडक्या छत्रीच्या दांड्याला शिवलं. दांड्याची मूठ वाकडी होती, त्यामुळे कोंडीराम मला हाताच्या कोपरावर अडकवू शके. उशीची खोळ व्हायची ती वेळ टळली, म्हणून मी मनातल्या मनात नाचत होतो. सबंध जगात लाल म्हणजे धोका असेलही. पण परळ-लालबागमध्ये लाल म्हणजे काय, हे गिरगावच्या मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारची सकाळ. शनिवारची रात्रपाळी सुटून कामगार घरी निघाले होते. कोंडीराम नाक्यावर उभा राहिला आणि आपल्याला जमतंय की नाही हे बघण्यासाठी त्याने मला हवेत उंच धरून दोनदा हलवलं. झालं! मला वाटलं, सगळे माझ्या रंगाचं कौतुक करतायत. पण पानवाल्याने धडाधड दुकानाच्या फळ्या लावल्या. समोरच्या चहावाल्याने चूल विझवली.

लवू नावाचा एक मालवणी कामगार धावत आला. "खंयचो मोर्चा रे ह्यो? कोणाक धरल्यानी?"

"मोर्चा न्हाई, दादा. सायकलींची..." कोंडीराम बोलू लागला, पण लवूच्या मागून पन्नास माणसं आली होती, त्यांच्या मागून आणखी शंभर. कोंडीरामने घाबरून गळ्यातली शिट्टी फुंकली. ती तर फारच मोठी चूक ठरली. त्या वर्षांत नाक्यावर शिट्टी वाजली की पोलीस आले आणि मागोमाग अश्रुधूर आला असंच लोक समजत. माणसं नळावर रुमाल भिजवू लागली. भाजीवाल्या गंगुबाईने अश्रुधुरावर हुंगायला म्हणून पाटीतले कांदे फोडून लोकांना वाटायला घेतले. कुणीतरी "संयुक्त महाराष्ट्र" असं ओरडलं आणि सगळा नाका "झालाच पाहिजे!" म्हणून गर्जला. आणि हे सगळे लोक उभे कुठे होते? नेमके रुळांवर!

तेवढ्यात दुरून फटफटीचा भोंगा ऐकू आला. शर्यतीच्या पुढे चालणारी फटफटी ती. मागून जीव तोडून येणाऱ्या सायकली आता दोन-तीन मिनिटांत या गर्दीत घुसणार होत्या.   "सरका, बाजूला व्हा!" असं ओरडून कोंडीराम दमला, पण एका माणसाचं ओरडणं त्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार?

मग तो आपल्या दुखऱ्या गुडघ्यानिशी गंगुबाईच्या बाकड्यावर चढला. मला दोन्ही हातांनी वर धरलं आणि मोर्चातला पुढारी घोषणा देतो तशा लयीत तो ओरडला, "रस्ता मोकळाऽऽ"

आणि शेकडो गळ्यांतून, एकाही डोक्याने विचार न करता, उत्तर आलं,

"झालाच पाहिजे!"

"रस्ता मोकळाऽऽ"

"झालाच पाहि..."

आपण काय बोललो ते दुसऱ्या खेपेला लोकांच्या ध्यानात आलं. ते एकमेकांची तोंडं बघू लागले. पहिला हसला तो लवू. कोंडीरामच्या छातीवरचा स्वयंसेवकाचा कागदी बिल्ला त्याने आता कुठे वाचला. "अरे, सायकलींची शर्यत आसा! सरा मागे, सरा!" मोर्चात स्वयंसेवक करतात तसं त्यांनी हातात हात गुंफून दोन्ही बाजूंना साखळी धरली. रूळ मोकळे झाले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या लाल रंगाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधीच वाटला नाही.

सायकली आल्या. "हळू! रूळ हायेत! चाक आडवं घाला!" कोंडीराम ओरडत होता, मला हलवत होता आणि मोजत होता. पाच, नऊ, सोळा. रामजीच्या पाठीवर चौदाचा आकडा होता. पहिल्या घोळक्यात चौदा नव्हता. दुसऱ्या घोळक्यातही नव्हता. सत्तावीस, अठ्ठावीस. मग बऱ्याच वेळाने दोघे धापा टाकत आले. तीस.

एकतिसावा आला नाही.

सगळा रस्ता रिकामा पडला. ट्राम पुन्हा धावू लागल्या. साखळीतली निम्मी माणसं जांभया देत घरी गेली. शर्यत जिथे संपणार होती तिथे भावाची वाट बघणारी बकुळा पदर सावरत नाक्यावर आली. तिचा चेहरा माझ्या तेलाच्या डागासारखा काळवंडला होता.

"तुमी हुभं हुता ना?" तिने विचारलं.

"हाय. अजून हाय," कोंडीराम म्हणाला.  या नाक्यावर रामजी पडला नव्हता, एवढंच त्याला ठाऊक होतं. पण नाक्याच्या मागे मैलोगणती रस्ता होता आणि तिथे काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एक फडकं, मला काय काळीज असणार, पण मलाही वाऱ्यावर हलावंसं वाटेना.

तेवढ्यात हेरंब मास्तर आले. "कोंडीराम, निकाल लागला. निशाण गुंडाळा, बक्षीस समारंभाला सगळे खोळंबलेत."

"एकतिसावा यायचाय, मास्तर."

"अहो, एखादा मध्येच सोडून घरी गेला असेल. असं होतं."

"एकतिसावा वळल्याबिगर निशाण खाली ठेवायचं न्हाई, असं तुमीच म्हनला हुता." कोंडीरामने मान वळवली नाही. "त्यो आमचा रामजी हाय."

मास्तरांनी बकुळाकडे पाहिलं. मग त्यांनी काखेतली निकालाची वही मिटली आणि कोंडीरामच्या शेजारी उन्हात उभे राहिले. समारंभाचं नावसुद्धा त्यांनी पुन्हा काढलं नाही.

बऱ्याच वेळाने हिंदमाता सिनेमाच्या बाजूने एक आवाज येऊ लागला. चर्र, चर्र, चर्र. वाकडं झालेलं चाक प्रत्येक फेऱ्याला घासत होतं. सायकलवर रामजी होता, शर्ट फाटलेला, कोपर सोललेलं, पण पायडल मारणारे दोन्ही पाय धड. बकुळाच्या तोंडून हुंदका फुटला. कोंडीरामने मला जिवाच्या आकांताने हलवलं, "हळू! चाक आडवं घाल!" लवू आणि उरलेल्या दहा-बारा जणांनी धावत जाऊन पुन्हा साखळी धरली. "रस्ता मोकळाऽऽ" लवू ओरडला आणि दहा-बारा गळ्यांनी, गंगुबाईसकट, "झालाच पाहिजे!" म्हटलं. एकट्या रामजीसाठी एक आख्खी ट्राम थांबली.

रामजीने चाक आडवं घातलं आणि रूळ पार केले.

"एकतीस," कोंडीराम म्हणाला. तेव्हाच त्याने मला खाली केलं आणि मटकन बाकड्यावर बसला.

मग रामजीकडून सगळं कळलं. शीव कोळीवाड्याच्या वळणावर एकही स्वयंसेवक नव्हता. मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी कोळीण अचानक रस्त्यात आली. तिला वाचवताना रामजी आपटला. "सगळे बोंबील रस्ताभर झाले, दाजी! ते गोळा करून दिल्याशिवाय म्हातारी सोडतीय होय?" बकुळाने त्याला पोटाशी धरलं आणि लगेच नाकाला पदर लावला, कारण त्याला बोंबलाचा भयंकर वास येत होता. ती रडत होती की हसत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"सायकल टाकून ट्राममधी बसणार हुतो," रामजी म्हणाला. "पण म्हटलं, दाजी अजून हुभं असतील."

पुढच्या वर्षी रामजीने शर्यतीत नाव घातलं नाही. त्याने मास्तरांकडे शीव कोळीवाड्याचं वळण मागून घेतलं. बकुळाने त्याच्यासाठी बावटा शिवला आणि नंतर बाकीच्या वळणांसाठी आणखी दहा. मास्तर ते हिरवे करायला सांगत होते, पण लवूने ऐकलं नाही. एकोणीसशे साठ साली संयुक्त महाराष्ट्र झाला, त्यासाठीचे मोर्चे थांबले. आमच्या नाक्यावर मात्र दर हिवाळ्यात ती घोषणा होतच राहिली.

मग ट्राम बंद झाल्या, रूळ डांबराखाली गेले आणि माझं काम संपलं. कधी मी सायकलची साखळी पुसली, कधी मडक्याखाली बसलो. आता ट्रंकेच्या तळाशी आहे. उंदरांनी एक कडा खाल्ली आहे, छत्रीचा दांडा केव्हाच गेला आहे. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मला कसर लागू नये म्हणून बकुळाने अंगावर कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आहे, यातच मला सगळं मिळालं.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. शर्यत बघायला जाल तेव्हा पहिला आला की टाळ्या वाजवून घरी पळू नका. वळणावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला एक पेलाभर पाणी नेऊन द्या आणि त्याला विचारा, किती झाले? तो तीस म्हणाला, तर त्याच्या शेजारी उभे राहा.