सोमवारी डावीकडे, मंगळवारी उजवीकडे

महाविद्यालयाच्या कार्यालयातील कारकुनाने माझा अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, "नातीसाठी आहे का?"

"नात माझ्या मागे उभी आहे," मी म्हटले. "तिचा अर्ज तिच्या हातात आहे. हा माझा."

पदवीसाठी माझा एकच विषय राहिला होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वडील गेले आणि छापखाना माझ्या अंगावर आला, तेव्हा शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढे बेचाळीस वर्षे मी तो छापखाना चालवला. त्यांपैकी पहिली वीस वर्षे खुर्चीत बसून नव्हे, तर छपाईसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांच्या ओळीत उभी राहून. मुलांनी कारभार हाती घेतल्यावर मी राहिलेले विषय एकेक करून उरकले. शेवटी उरला प्रयोगशाळेसह एक विज्ञानविषय. रसायनांचा वास मला सोसत नाही आणि बेडूक कापण्याचे माझे वय नाही, म्हणून मी खगोलशास्त्राची तोंडओळख हा विषय घेतला. माझ्या थोरल्या मुलाची मुलगी, जिला घरात सगळे ठकी म्हणतात, तिनेही तोच घेतला होता. तो तिने स्वतःहून निवडला की माझी सोबत म्हणून तिच्या आईने तिला पाठवले, हे मी विचारले नाही.

घरात मी सर्वांना सांगून टाकले होते की या वर्षी मी पदवीधर होणार. बोललेले करून दाखवले नाही असे माझ्या हातून आजवर झाले नव्हते.

शिकवणारे सर माझ्या धाकट्या मुलाहूनही लहान होते. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "आजी, गच्चीचा जिना जरा उभा आहे. तुम्हाला जमेल ना?"

"वर्गात मी कोणाची आजी नाही, सर. हजेरीपटावर माझा क्रमांक एकवीस आहे. जिन्याचे म्हणाल तर वर पोहोचल्यावर मी तुमची वाट पाहीन."

वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून सगळा वर्ग मला एकवीस नंबर म्हणू लागला, आणि खरे सांगायचे तर मला ते नाव आवडले.

गच्चीवर सहा दुर्बिणी होत्या. आमच्या वाट्याला आलेली सर्वांत जुनी होती. तिच्या तिकाटण्याचा एक पाय सुतळीने बांधलेला होता. सर्वांना मिळून एकच मोठा प्रकल्प होता: तीन आठवडे रोज संध्याकाळी गुरू पाहायचा, त्याच्या भोवतीचे चार चंद्र कोठे आहेत त्याची आकृती काढायची, आणि सर्वांत लांबवर जाणारा जो चंद्र, तो ग्रहापासून किती अंतरावर आहे हे ग्रहाच्या रुंदीच्या पटीत मोजायचे. शेवटी त्या अंतरांचा आलेख काढायचा आणि तो चंद्र एक फेरी किती दिवसांत पुरी करतो ते सांगायचे. या प्रकल्पाला चाळीस गुण होते. त्यात नापास झालेला विद्यार्थी विषयात नापास.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," सर म्हणाले. "मान अवघडू नये म्हणून या दुर्बिणींना डोळा लावायच्या जागी आरसा बसवलेला आहे. त्यामुळे डावं उजवीकडे दिसतं. तुम्ही काहीही सुधारायला जाऊ नका. दिसतं तसं काढा. सगळ्यांचं सारखंच उलटं असेल, तर काही बिघडत नाही."

मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मला वाटले होते त्याहून सगळे लहान होते. उडदाच्या दाण्याएवढी एक फिकट चकती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बसवलेले चार ठिपके. एवढेच. पण ते ठिपके कोणी तेथे ठेवलेले नव्हते, ते आपापल्या वाटेने चालले होते, आणि उद्या ते दुसरीकडे असणार होते. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

"आजी, मागे रांग आहे," ठकी कुजबुजली.

"ही आपली दुर्बीण आहे. रांगेत तू एकटीच आहेस."

"हो, पण माझे पाय गारठलेत."

कामाची वाटणी मी केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी आकृती काढायची आणि ठकीने वेळ व आभाळाची नोंद ठेवायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिने काढायची आणि नोंद मी ठेवायची. रविवारी सुट्टी. काढलेली पाने मी माझ्या फायलीत लावत होते. माझे काम ठकीने पाहावे असे मी म्हटले नाही आणि तिनेही मागितले नाही. आमच्या घरात माझ्या कामावरून दुसऱ्याने नजर फिरवण्याची पद्धतच नाही. तिचे काम मात्र मी पाहत होते, रेषा किती खोडल्या आहेत तेवढ्यापुरते.

दोन संध्याकाळी ढगांत गेल्या. उरलेल्या सोळांपैकी आठ माझ्या होत्या आणि आठ तिच्या. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी प्रयोगशाळेत आम्ही आलेख काढायला बसलो. ठकी अंतरे वाचून दाखवत होती, मी आलेखाच्या कागदावर टिंबे देत होते. दहाव्या टिंबाला माझा हात थांबला.

सर आमच्या बाकाजवळ आले आणि कागदाकडे पाहत राहिले. "हे काय आहे?"

"आलेख आहे."

"सोमवारी हा चंद्र बारा पट डावीकडे आहे. मंगळवारी बारा पट उजवीकडे. बुधवारी परत डावीकडे." त्यांनी हसू आवरले. "हा चंद्र आहे की घड्याळाचा लंबक?"

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "एकवीस नंबर, त्याला जरा दम खाऊ द्या."

माझे कान तापले. "सर, माझी पाने चोख आहेत," मी म्हटले. "हिची तपासा. हिचे अर्धे लक्ष फोनमध्ये असते. डावे-उजवे कळायला डोळा जागेवर लागतो."

ठकीने मान खाली घातली. समोरच्या बाकावरची मुलगी तिच्याकडे पाहून लगेच दुसरीकडे पाहू लागली.

सर म्हणाले, "एकीची निरीक्षणं काढून टाकली तर आठच उरतात, आणि किमान बारा लागतात. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. कोणाचं आणि का चुकलं ते शोधून काढा. नाही सापडलं, तर मला हा प्रकल्प स्वीकारता येणार नाही."

स्वीकारला नाही तर काय होईल, हे त्यांना सांगावे लागले नाही. हा विषय पुढची दोन वर्षे शिकवला जाणार नव्हता.

मंगळवारी मी पुन्हा पाहायला गच्चीवर गेले, ठकी आली नाही. बुधवारी दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि टेबलावर आठ कोरी पाने ठेवून उभी राहिली. तिच्या हातात तिची जुनी आठ पाने होती.

"आजी, मी माझ्या आकृत्या परत काढते. डावीकडचं उजवीकडे करून. तुझ्याशी जुळतील मग."

"तुझ्या चुकल्या होत्या का?"

"तसं नाही वाटत मला. पण तू म्हणतेस ना."

"मी म्हणते म्हणून चंद्र बाजू बदलतो का?"

"चंद्र नाही बदलत. आपल्या घरात बाकी सगळं बदलतं." ती हे चिडून म्हणाली असती तर मला उत्तर देता आले असते. ती अगदी साधेपणाने म्हणाली. "पप्पा म्हणतात, तुझं कधी चुकत नाही आणि चुकलं तरी आपण जमवून घ्यायचं. तुला पदवी मिळायला हवी, आजी. माझं काय, चूक माझी ठरून मी नापास झाले तर परत करीन हा विषय."

मी तिच्या हातातून कोरी पाने काढून घेतली. छापखान्यात माझ्यासमोर लोक कसे माना डोलवत, हे मला त्या क्षणी फार स्पष्ट आठवले, आणि त्यांतल्या किती जणांनी घरी जाऊन आपापल्या हाताने काय काय जमवून घेतले असेल, हा विचार पहिल्यांदाच मनात आला.

"खोटे पान माझ्या फायलीत लागणार नाही," मी म्हटले. "स्वेटर घाल. आज दोघींनी काढायचे. एकाच वेळी, आणि एकमेकींकडे पाठ करून."

आभाळ त्या संध्याकाळी स्वच्छ होते. साडेसात वाजता मी डोळा लावला, ठिपके मनात धरले, आणि कठड्याकडे जाऊन आकृती काढली. मग ठकीने पाहिले आणि टाकीच्या भिंतीला टेकून काढली. दोन्ही पाने आम्ही गच्चीच्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. तिने त्यांवर, डोळे दिपू नयेत म्हणून लाल कागद लावलेली बॅटरी धरली.

तिचे तीन ठिपके उजवीकडे होते आणि एक डावीकडे. माझे तीन डावीकडे, एक उजवीकडे. अंतरे मात्र तंतोतंत तीच.

मी गुडघ्यावर बसून त्या दोन पानांकडे पाहिले. असे जोडीने ठेवलेले दोन कागद मी आयुष्यात लाखांनी पाहिले आहेत. एक जुळवलेला मजकूर, दुसरा त्याचा छाप.

"ठकी, खिळ्यावर अक्षर कसे असते?"

"उलटं. तू दाखवलं होतंस लहानपणी."

"उलटे जुळवायचे आणि कागदावर सुलटे कसे येईल ते डोळ्यांनी वाचायचे. वीस वर्षे दिवसाचे दहा तास मी तेच केले. सरांनी पहिल्या दिवशी सांगितले की यात उलटे दिसते. त्यानंतर माझ्या हाताने मला विचारलेच नाही. तो सरळ छाप काढत राहिला."

ठकीला हसू फुटले, आणि ते आवरेना. "म्हणजे सर म्हणाले सुधारू नका, आणि तू गुरूचं प्रूफ तपासलंस."

"हस. तुझा हक्क आहे." मला तिचा राग आला नाही. माझा मलाच आला होता. लेखकाने लिहिलेला मजकूर आपल्या अकलेने सुधारणाऱ्या जुळाऱ्याला मी एकदा सर्वांसमोर कामावरून काढले होते. "पण बॅटरी नीट धर. मला परत पाहू दे."

मी परत डोळा लावला. या वेळी प्रत्येक ठिपक्याला मनात म्हटले, तू जेथे आहेस तेथेच राहा. पेन्सिल उजवीकडे नेताना मनगट अक्षरशः अडले. एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी खिळे जुळवताना जेवढा वेळ लागला असेल तेवढा वेळ लागला. पण तीन ठिपके उजवीकडे उतरले.

शुक्रवारी आमच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी शाईने लिहिले: सोमवार, बुधवार व शुक्रवार या दिवसांच्या आठही आकृत्या दिसल्या त्याच्या उलट काढल्या गेल्या आहेत. चूक माझी आहे. कारण पुढे दिले आहे. पुरावा म्हणून बुधवारच्या एकाच वेळच्या तीन आकृत्या जोडल्या आहेत. आलेखात ती आठ टिंबे बाजू बदलून, वेगळ्या रंगात दाखवली आहेत.

सरांनी ते वाचले. मी म्हटले, "सर, सोमवारी मी वर्गासमोर हिला बोलले. म्हणून हेही वर्गासमोरच बोलते." मी वर्गाकडे वळले. "हिचे एकही पान चुकले नव्हते. माझी आठ चुकली. फोनबद्दल मी जे म्हटले, ते मी पाहिलेले नव्हते. ते मी ठरवलेले होते."

कोणी हसले नाही. ठकी पुटपुटली, "पुरे आता, आजी."

सरांनी आलेख टेबलावर पसरला. निळी टिंबे ठकीची, तांबडी माझी. त्या सर्वांतून हाताने काढलेली एकच रेषा वर चढत, माथ्याशी वळत, खाली उतरत गेली होती. ती ठकीने एका दमात काढली होती, माझ्या हाताला तेवढा बाक जमेना. सतरा दिवसांत एक फेरी, असे आमचे उत्तर होते. पुस्तकात सोळा दिवस आणि काही तास दिले होते.

"सुरुवातीची सूचना पाळली नाही म्हणून पाच गुण कापतो," सर म्हणाले. "बाकीचे राहू द्या. अशी चूक शोधणं मी कोणाला शिकवू शकलो नसतो." त्यांनी पानावर चाळीसपैकी पस्तीस लिहिले. उत्तीर्ण व्हायला लेखी परीक्षेत मला आता फारसे गुण लागणार नव्हते.

मी फाईल उचलू लागले, तर सर म्हणाले, "एकवीस नंबर, ही रेषा अशीच पुढे नेली तर येत्या सोमवारी हा चंद्र कुठे असेल?"

ठकीने रेषा पुढे ओढली, मी पट्टी ठेवून मोजले. "डावीकडे. ग्रहाच्या नऊ पट."

"दिसतं तसं की असतं तसं?"

"दिसतं तसं," ठकी आणि मी एकदमच म्हणालो.

सोमवारी काही जमा करायचे नव्हते. तरीही सात वाजता आम्ही दोघी गच्चीवर होतो, आणि मागच्या बाकावरचा तो मुलगाही, आपल्या दोन मित्रांना घेऊन. मी डोळा लावला. चकती होती, तिच्या उजवीकडे एकमेकांजवळ दोन ठिपके, डावीकडे एक, आणि त्याच्याही पलीकडे, जेथे नजर जाऊ नये इतक्या दूर, काळोखात एक बारीकसा, एकटा.

"आहे का?" ठकीने विचारले.

मी बाजूला झाले आणि तिला जागा दिली. "तू सांग," मी म्हटले.

तिने वाकून पाहिले. "आहे."