काढून टाकलेली चौकट

मी 'हो' बोलतोय. संगणकातल्या एका तक्त्यावरचं छोटंसं गोल बटण. माझ्यावर टिचकी मारली की माझ्या पोटात काळा ठिपका उमटतो. एवढंच माझं काम, आणि तेही माझ्याच्यानं धड झालं नाही.

माझा जन्म पराग्वेतल्या एका खेड्याच्या दवाखान्यात झाला. सिस्टर एदुविहेसनं मला घडवलं. प्रोग्रॅमिंग तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुपारची गर्दी ओसरली की चुकतमाकत ती शिकली. 'पेनिसिलिनची ॲलर्जी?' असं लिहून तिनं खाली मला आणि माझ्या भावाला, 'नाही'ला, बसवलं आणि आमच्याभोवती एक चौकट आखली. शेजारच्या चौकटीत 'नवा रुग्ण' आणि 'जुना रुग्ण' राहायचे.

आमच्या जातीचा नियम असा, की एका चौकटीत एकाच्याच पोटात ठिपका. दुसऱ्यावर टिचकी पडली की पहिल्यानं विझायचं. शेवटी सिस्टरचा मॅक्रो, म्हणजे तिनं लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, एकेकाला विचारत जायचा. मी पेटलेला असलो तर रुग्णाच्या कार्डावर लाल अक्षरांत इशारा छापायचा. नसलो तर 'नाही' लिहून मोकळा व्हायचा.

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. चिपा नावाचे चीजचे पाव विकणारी फिदेलिना आजी आली की सिस्टर न विचारताच मला पेटवायची. त्या औषधानं आजीचा श्वास एकदा अडकला होता.

मग कारकून म्हणून मिर्ता आली. मुलगी कामसू, टापटिपीची. एका दुपारी दोघी एकाच पेल्यातून तेरेरे, तो इथला गार पाल्याचा चहा, पीत बसल्या होत्या.

"सिस्टर, या रेघांनी तक्ता सुतकी दिसतोय. काढू का?"

सिस्टर पेला भरत होती. "काढ. बटणांना तेवढा हात लावू नकोस."

मिर्तानं बटणांना हात लावला नाही. चौकटी तेवढ्या पुसल्या. त्या क्षणी आम्ही चौघं एकाच घरातले झालो, चौघांत मिळून एकच ठिपका, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

दोनच दिवसांनी आजी घसा धरून आली. सिस्टर लसीकरणाला गेली होती. मिर्तानं आठवणीनं मला पेटवलं, मग 'जुना रुग्ण'वर टिचकी मारली, आणि मी विझलो. ओरडायला मला तोंड नाही. मॅक्रोनं विचारलं, मी गप्प. त्यानं 'नाही' लिहिलं.

नव्यानं आलेल्या डॉक्टरांनी कार्ड वाचून पेनिसिलिनची सुई भरली. हे मला चालेल ना, असं आजीनं एकदा विचारलं, मग स्वतःच म्हणाली, "कार्ड सिस्टरचं आहे ना? मग बरोबरच असेल."

रुग्णवाहिका येईपर्यंत ती गेली.

संध्याकाळी सिस्टरनं मला पेटवलं, मग 'जुना रुग्ण'वर टिचकी मारली. मी विझलो. तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा पुन्हा. मिर्ता रडत होती, "मी बटणांना हात नव्हता लावला."

"चौकट तू काढलीस, तेही मला विचारून," सिस्टर म्हणाली. "पण कोणी बोललं नाही तर 'नाही' लिही, हे मॅक्रोला मीच सांगून ठेवलं होतं."

त्यानंतर तिनं मला उघडलं नाही. कार्डं हातानं लिहितात. मी बंद फाइलीत विझून पडलोय, आणि आता मला कुणी पेटवावं असं वाटतही नाही.

तुम्ही कुठे अशी बटणं मांडत असाल तर एवढं ऐका. गप्प राहिलेल्याच्या नावावर 'नाही' लिहू नका. त्या दिवशी मी गप्प होतो, पण माझं उत्तर 'हो' होतं.