जिन्यातली शिट्टी

थोरली सून कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची आणि ते घट्ट होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं हात चोळत बसायची. सहा वर्षांपूर्वी त्या मिनिटांत तिने मोबाईलवर भटकायला सुरुवात केली आणि तिला खजिनाच सापडला. रस्त्यावर पडलेल्या एकेकट्या मोज्यांचे फोटो जमवणारी कुणी बाई होती. बातम्यांतल्या चक्रम नियमांचं तर विचारूच नका. कुठे बदकांना खायला घालायचं तर आधी अर्ज करा, कुठे तुमच्या कुंपणाचा रंग नगरपालिका ठरवणार. त्यातलं एखादं ती रोज घरच्या ग्रुपवर टाकायची, खाली स्वतःच्या दोन खवचट ओळी जोडून.

हे सगळं ती सासऱ्यांसाठी करायची. बाबा निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणूनच की काय, स्वतः कधी लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. संध्याकाळी फिरून आले की चार मजले शिट्टी वाजवत चढायचे. दुसऱ्या मजल्यावरून शिट्टी ऐकू आली की थोरली चहा टाकायची. दार उघडलं की प्रश्न ठरलेला, "काय, आज कोणाचं डोकं फिरलंय?" मग दोघं अर्धा तास हसायची. नवऱ्याशी सोडा, ती सख्ख्या वडिलांशीही कधी एवढं हसली नव्हती.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी ग्रुपात आली. चष्म्याच्या दुकानात कामाला, राहायला दोन गल्ल्या पलीकडे, आवाज लोण्यासारखा. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोबाईलकडे बघू नका म्हणून बजावलं, तेव्हा धाकटी असले चक्रम नियम बोलून पाठवायला लागली. तेही साधं नाही. नाकात बोलणारा साहेब काय, तक्रार घेऊन आलेली म्हातारी काय, सगळ्यांचे आवाज काढून. बाबा सकाळी ते दोनदा ऐकायचे. संध्याकाळी दार उघडलं की आता विचारायचे, "धाकटीचं ऐकलंस?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बोलून पाठवायचं आपल्याला का सुचलं नाही, हे तर आणखीच सलायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ती चांगली आहे." चांगली आहे हेच तर दुखणं होतं. वाईट असती तर निदान चार जणांत बोलता आलं असतं.

पंधरा दिवस थोरलीला धड काही सापडेना. जे सापडायचं ते धाकटीने आदल्या दिवशीच टाकलेलं असायचं. शेवटी एका दुपारी प्लास्टर घट्ट होता होता तिने स्वतःच एक नियम लिहिला आणि दिला पाठवून. 'आता आपल्या शहरातही: इमारतीच्या जिन्यात शिट्टी वाजवायला मनाई. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस शिट्टी वाजवत असेल तर गोंधळ होतो, म्हणून.' बाबा पोट धरून हसतील, मग आपण गंमत केली म्हणून सांगू, असा तिचा हिशेब होता.

संध्याकाळी तिने तो वाचून दाखवला. बाबा हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे. अडकलेला माणूस ओरडून दमला की शिट्टीच वाजवतो. मी ऐकलंय. हे मात्र धाकटीला सापडलं नसतं."

आता ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर खरं कोण सांगणार? थोरलीने नाही सांगितलं. रात्रभर ती त्या वाक्यावर खुशीत होती.

दुसऱ्या दिवसापासून जिना गप्प झाला. 'फक्त सहा माणसे' अशा पाट्या आयुष्यभर लावलेला माणूस, सातवा कधी चढू दिला नाही. तो नियम मोडणार होता थोडाच? चहा कधी टाकायचा तेच कळेना. कधी तो निवून जायचा, कधी बाबा येऊन बसले तरी पाणीही उकळलेलं नसायचं.

पाचव्या दिवशी खूप उशीर झाला म्हणून ती खाली बघायला गेली. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बाबा बसलेले, कठडा धरून, धापा टाकत.

"शिट्टी असली की सूर तुटला तिथे थांबायचो," ते म्हणाले. "आता कुठे थांबायचं ते कळत नाही गं."

त्यांना हात धरून वर आणताना तिला स्वतःची लाज वाटली. आज सांगायचंच. ग्रुपवर, सगळ्यांसमोर, धाकटीसमोरसुद्धा. तिने चार ओळी लिहिल्या, दोन खोडल्या, पुन्हा लिहिल्या. एवढ्यात बाबांचा मोबाईल बोलायला लागला. नाकातला साहेब.

"सूचना. जिन्यातल्या शिट्टीवरची मनाई मागे घेण्यात येत आहे. अडकलेल्या माणसाची शिट्टी एकाच जागेवरून येते, चढणाऱ्याची वर वर सरकते. लिफ्टच्या जाणकारांना हा फरक कळतो, सबब गोंधळाचं कारण नाही."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "खरं आहे. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? हुशार आहे हो पोरगी."

थोरलीच्या मोबाईलवर तेवढ्यात वेगळा निरोप आला, फक्त तिला. 'ताई, बाबा काल म्हणाले शिट्टी बंद केलीय. तुमचा नियम खूप शोधला, कुठेच नाही सापडला. म्हणून म्हटलं रद्दच करून टाकू. मी कुणाला बोलले नाही.'

थोरलीने ग्रुपसाठी लिहिलेल्या चार ओळी खोडल्या आणि धाकटीच्या निरोपाला नुसता अंगठा दिला. उपकार मानायला हवे होते, मनातल्या मनात मानलेही. पण रात्री तिने तो साहेब चोरून तीनदा ऐकला, कुठे काही चुकलंय का म्हणून. काही चुकलं नव्हतं. धाकटीचं खोटंसुद्धा तिच्या खोट्याहून सरस होतं.

दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर शिट्टी वाजली. थोरलीने चहा टाकला आणि दाराशी उभी राहून ऐकत राहिली. शिट्टी थांबत थांबत खरोखरच वर सरकत होती. सहा वर्षं रोज ऐकूनही हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.