कंसातलं वाक्य

दुपारच्या चहाला बातमी आली, आमचं वाक्य कंसात गेलं. प्रशांत महासागरातल्या बेट-देशांच्या या परिषदेत ज्या ओळीवर एखादा देश हरकत घेतो तिला कंस घालतात, आणि संध्याकाळपर्यंत ती कंसासकट गायब होते. आमची ओळ साधीच होती: खनिजांसाठी समुद्राचा तळ खणण्याआधी किनाऱ्यावरच्या लोकांना विचारावं. त्यासाठी बेटाबेटांवर फिरून आम्ही घसे कोरडे केले होते.

आम्हा स्वयंसेवी संस्थावाल्यांना सभागृहात पाच मिनिटं, बाकी वेळ बाहेरच्या मांडवात. मला बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं. आमच्याकडे मानाच्या प्रसंगी कमरेला गुंडाळतात ती चटई पुन्हा पुन्हा घट्ट करत मी येरझारा घालत होते.

तेवढ्यात आनेलीस धावत आली. आमच्या जगभरच्या आघाडीची ही प्रमुख, जिनिव्हाहून आलेली.

"लोसेली, हरकत तुमच्याच सरकारची आहे, आणि त्यांच्यातर्फे जाहीरनाम्याचा मसुदा कोण लिहितंय माहितीये? लोपेती! तुझा भाचा!"

"माहितीये. लंगोटात होता तेव्हापासून माहितीये."

"मग सांग ना त्याला! तूच म्हणालीस, टोंगात आत्याला कुणी नाही म्हणत नाही."

म्हणाले होते, फुशारकीत. आमच्याकडे भावाच्या मुलांवर आत्याचा हुकूम चालतो. उद्या लोपेतीच्या घरात शिरून मी टीव्ही उचलला, तर तो वायर गुंडाळून हातात देईल. मला आनेलीसचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त, कारण हुकूम अगदी जिभेवर आला होता.

लोपेती हातात चहा घेऊन बाहेर आला. मला पाहून त्याचा चेहरा पडला. तरी रीतीप्रमाणे येऊन तो मांडवाच्या पायऱ्यांवर, माझ्याहून खालच्या पायरीवर बसला.

"सांगा आत्या, काय सांगायचं ते. मी करेन. फक्त उद्यापासून नोकरी नाही, एवढं घरी कळवून ठेवतो."

"सांगत नाहीये रे. विचारतेय. ती ओळ राहावी असं तुला वाटतं का? नाही म्हणालास तरी रागावणार नाही."

तो बघतच राहिला. त्याला कुठल्या आत्यानं कधी काही विचारलंच नव्हतं.

"खरं बोलू?"

"मग काय, खोटं बोलायला बसलायस?"

"नको वाटते मला. वरून सांगितलंय म्हणून नाही. त्या खणकामातून इथे धड दवाखाना होईल, पोरं कामासाठी ऑकलंडला पळणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं. गावोगाव विचारत बसलो तर कधीच काही होणार नाही."

एक थोबाडीत द्यावीशी वाटली. अजून वेळ होता. एक शब्द टाकला असता तर कंस सुटले असते. तो मान खाली घालून थांबला होता.

"जा," मी म्हणाले, "आत वाट बघत असतील."

संध्याकाळी जाहीरनामा वाचला गेला. आमची ओळ नव्हती. आनेलीसनं माझा दंड धरला.

"तू त्याला सांगितलंच नाहीस?"

"नाही. विचारलं."

"मग?"

"नको म्हणाला."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच मान वळवावी लागली.

"मग विचारलंस कशाला?"