सरळ बसवलेली कार्ट्रिज

मी कार्ट्रिज बोलतेय. प्रिंटरमधली शाईची नव्हे, रेकॉर्डप्लेअरची. त्या लांब दांडीच्या टोकाला काडेपेटीहून लहान अशी जी वस्तू असते आणि जिच्या पोटाखाली सुई असते, ती मी. गाणं रेकॉर्डच्या खाचेत असतं, पण ते खाचेतून बाहेर काढायचं काम माझं. वाहवा मात्र गाणाऱ्याची होते, फार तर स्पीकरची. आजवर कुणी माझ्याकडे बघून 'वा' म्हणाल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी जरा जळकीच आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, पुढे कुणी नाक मुरडायला नको.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्या सुईच्या टोकावर हिऱ्याची कणी चिकटवली. छान गोल घासलेली कणी होती. त्या गोलपणाचा मला तेव्हा कोण अभिमान!

मला विकत घेतलं ते फ्रेमवाल्यांनी. लोकांचे फोटो आणि चित्रं चौकटीत बसवण्याचं त्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागेच घर. लाकूड ते कापायचे, काच त्यांच्या बाई कापायच्या. फ्रेमवाल्यांना वाकडं काही म्हणता काही खपत नसे. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले, तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार आणि मग पाणी पिणार. बाईंना या गोष्टीची इतकी लाज वाटायची की, उंबऱ्यातच त्या नवऱ्याचा शर्ट मागून धरून ठेवायच्या.

मला दांडीत बसवतानाही त्यांनी दुकानातला छोटा गुण्या आणला. चौकटीचा कोपरा काटकोनात आहे का, हे ज्याने बघतात तोच. तो माझ्या कुशीला लावून त्यांनी मला अगदी नाकासमोर सरळ बसवलं आणि स्क्रू आवळले.

"बघ, कशी बसलीय!" ते बाईंना म्हणाले. मी फुगून गेले. आपल्यावर इतकी मेहनत घेणारा मालक मिळाला, आणखी काय हवं?

त्यांच्याकडे एक रेकॉर्ड होती, बाईंच्या थोरल्या बहिणीची. तरुणपणी ताईंनी गायलेली ती एकच रेकॉर्ड. तिच्यातलं शेवटचं गाणं अगदी आत, मधल्या गोल कागदाला खेटून होतं. बाकीची गाणी मी लोण्यासारखी वाजवायचे. शेवटचं आलं की मात्र माझी त्रेधा उडायची. प्रत्येक 'स' आणि 'श' चरचरायचा, तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा. म्हणून ते गाणं सुरू व्हायच्या आत बाई उठून मला उचलायच्या. घरात तशी रीतच पडून गेली होती. रेकॉर्डच जुनी, त्याला कोण काय करणार, असं सगळे म्हणायचे. मीही तेच म्हणायचे.

मग ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. बऱ्या झाल्यावर त्या धाकट्या बहिणीकडे राहायला यायच्या होत्या. त्यांचा निरोप आला, "माझं शेवटचं गाणं ऐकव. माझ्याकडची रेकॉर्ड कधीच हरवली."

निरोप वाचून बाई खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. "अहो, तेच गाणं हो! आता काय ऐकवू मी तिला? ती चरचर?"

फ्रेमवाल्यांनी मला दांडीतून काढलं, चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलं आणि थेट रेकॉर्डप्लेअरचं दुकान गाठलं. मला वाटलं, साफसफाई करायला नेतायत. भोळी मी!

दुकानदाराने मला भिंगाखाली धरलं आणि माझ्यासमोरच माझी अब्रू काढली. "गोल टोकाची आहे हो ही. असं बघा, रेकॉर्डच्या कडेला एक फेरी केवढी मोठी, आणि आत केवढीशी. वेळ तेवढाच, म्हणजे आतल्या छोट्या फेरीत तेवढंच गाणं दाटीवाटीने बसवलेलं. तिथली वळणं बारीक. या जाडीला ती कुठून जमणार? बारीक टोकाची घ्या."

जाडी! मला? आणि फ्रेमवाले माझी बाजू घेतील म्हणावं, तर ते मान डोलावत होते.

काचेच्या कपाटातून ती बाहेर आली. चकचकीत, शिडशिडीत, टोक दोन्ही बाजूंनी घासून निमुळतं केलेलं. माझा नुसता तिळपापड झाला. जिवंतपणी सवत बघायची वेळ आली होती, आणि तीही मलाच सोबत नेऊन पसंत केलेली! दुकानदाराने तिच्याबरोबर रेघांचा एक कागद दिला. "हिला या रेघांना धरून बसवा. थोडी तिरकी दिसेल, दिसू द्या. दांडी फिरत आत जाते, तेव्हा सुई खाचेला सरळ लागायला हवी, डोळ्याला नव्हे."

"कागद कशाला? माझी नजरच गुण्या आहे," फ्रेमवाले हसून म्हणाले. कागदाची नीट घडी करून त्यांनी ती खिशात टाकली.

घरी आल्यावर त्यांनी कागदाची गंमत बाईंना सांगितली आणि तिला माझ्या जागी बसवलं. तोच गुण्या, तीच मेहनत, आणि "बघ, कशी बसलीय!" हे शब्दही तेच. मी डबीतून ऐकत होते. तिला पुसायला नवा ब्रशसुद्धा आणला होता. माझं सगळं आयुष्य एका जुन्या ब्रशवर गेलं.

ताई आल्या. गळ्याला मऊ रुमाल गुंडाळलेला, अंगाने वाळलेल्या. चहा होईपर्यंतही त्यांना धीर धरवेना. रेकॉर्ड लागली. पहिली गाणी झकास वाजली, आणि मी डबीत चरफडत राहिले. मग शेवटचं गाणं आलं, आणि चर्र!

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. माझी चरचर मोठी होती, तिची बारीक, पण चरचर ती चरचरच. बारीक टोक म्हणे! एवढा तोरा मिरवून हेच ना?

तेवढ्यात ताईंची कुजबुज ऐकू आली. "माझा गळा... तेव्हापासूनच बिघडलेला होता का गं?"

माझं हसू जागच्या जागी विरलं. चरचर आमची होती आणि ताई ती स्वतःच्या गळ्यावर घेत होत्या.

बाई ताडकन उठल्या. नवऱ्याच्या खिशातला कागद काढून त्यांनी त्यांच्यापुढे आपटला. "बसवा हिला या रेघांवर."

"अगं, पण ती वाकडी दिसेल."

"दिसू दे! घरात एक वस्तू वाकडी राहिली तर आभाळ कोसळणार नाही. ती माझी बहीण आहे, तुमची तसबीर नाही."

फ्रेमवाल्यांनी स्क्रू सैल केले. तिला तिरकं करताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला होता. एकदा तर त्यांनी नकळत तिला परत सरळ केलं, आणि बाईंनी हातावर चापट मारली. शेवटी ती रेघांना बरोबर लागली. दिसायला तिरकीच.

गाणं पुन्हा लावलं. आणि काय सांगू? प्रत्येक 'स' स्वच्छ आला. तरुण, मोकळा, भरलेला आवाज. ताईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज मात्र रेकॉर्डमधून येत होता. गाणं संपल्यावर त्या कुजबुजल्या, "चांगली गात होते मी." आणि बाईंनी तेच गाणं परत लावलं.

तेव्हापासून मी या खणात आहे, चौकटींच्या खिळ्या-हुकांच्या सोबतीला. ताई अजून इथेच आहेत आणि ते गाणं रोज वाजतं. सवत सुंदर वाजते, हेच मला सगळ्यात जास्त झोंबतं. पण जळफळाट होतो तो तिच्या बारीक टोकापायी नाही. ते टोक असूनही ती सरळ बसवल्यावर चरचरलीच होती. जळफळाट होतो तो त्या कागदापायी. तिला तो मिळाला. मला मिळाला होता फक्त गुण्या, आणि त्याचाच मी जन्मभर तोरा मिरवला.

फ्रेमवाले, हुक शोधायला खण उघडाल तेव्हा एवढं ऐका. माझी कणी अजून शाबूत आहे. मला एकदाच, फक्त एका गाण्यापुरतं, तिरकं बसवा. तरीही चरचरले, तर खुशाल फेकून द्या. पण न चरचरता वाजले, तर ताईंना सांगा की, हे त्या जुन्या जाडीनं वाजवलंय.