हूं म्हणायचं नाही!

मी कॉलेजातला एक जुना माईक आहे. डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी, अंगाला एक खटका आणि मागे लांबलचक वायर. मित्रांनो, माझा स्वभाव जन्मापासूनच काळजीखोर! दिल्लीच्या कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून एकच धास्ती: आपण ऐकलेलं पुढे पोचलंच नाही तर?

लखनौच्या या कॉलेजात माझी पहिली वर्षं वार्षिकोत्सवात गेली. जो येई तो माझ्या डोक्यावर टपल्या मारी आणि "हॅलो, हॅलो" ओरडे. टाळ्या गाणाऱ्याला, आणि आवाज फाटला की बोलणी मला! चालायचंच. मग १९९६ साली दीनानाथ सरांनी माहितीपट करायला शिकवण्याचा वर्ग काढला आणि मी तीन मुलांच्या हाती आलो.

राघव कॅमेरा धरायचा, अनुप बॅटऱ्या आणि वायरी सांभाळायचा, आणि प्रश्न विचारायची अपूर्वा. अपूर्वा इंदिरा नगरातल्या बँकवाल्या मराठी घरातली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. त्यांचा माहितीपट होता निशातगंज मोहल्ल्यातल्या लीलावतीबाई मेश्राम यांच्यावर. नागपूरहून आलेल्या या आजींनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून परगावचे ट्रंककॉल जोडले होते.

शुक्रवारी पहिलं रेकॉर्डिंग झालं. आजी छान बोलल्या. सरांनी टेप ऐकली आणि कपाळाला हात लावला. आजींच्या प्रत्येक वाक्यावर अपूर्वाचं "हाँ... अच्छा... जी आजी... हूं..." चालूच! मोठी माणसं बोलताना हुंकार द्यावा, हे तिला घरच्यांनी शिकवलेलं. त्यात मी तिच्याच हातात, म्हणून तिचा हुंकार आजींपेक्षा मोठा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर म्हणाले, "बेटा, फिल्म आजी की है कि तुम्हारी? कल फिर जाओ, और मुँह बंद!"

आणि नेमकं शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आजी कायमच्या नागपूरला भाच्याकडे निघाल्या होत्या. म्हणजे हाती उरली एकच दुपार.

शनिवारी खोलीत बोचकी बांधलेली. अपूर्वाच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात प्रश्नांचा कागद, आणि ओठ घट्ट मिटलेले. आजी दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या.

"ऐकून राहिली ना वं पोरी?"

अपूर्वाने जोरजोरात मान हलवली. पण आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना मान कुठली दिसायला! त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या.

"काहून चूप बसली? तिकडून आवाज नाही आला की मले वाटते लाईन कटली."

राघव हळूच म्हणाला, "यार, बॅटरी लाल दिखा रही है." अनुपकडे दुसरी बॅटरी नव्हती. तिसऱ्यांदा आजी अडल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "राहू दे, माय. कोणाले ऐकायचं आहे हे?"

माझा जीव टांगणीला लागला. अगं, काहीतरी कर ना! पण मी कसला बोलतोय? मी माईक.

तेव्हा अपूर्वाने कागद खाली टाकला आणि आजींचा हात धरला. आजी एक वाक्य बोलल्या की ती तो हात हळूच दाबायची. एकदा, दोनदा... आजींचा चेहरा सैल झाला. शुक्रवारी जे सांगितलं नव्हतं ते त्या सांगू लागल्या.

"एकदा माझ्याच बोर्डावर नागपूरचा कॉल आला. माझे बाबा होते. तीन मिनिटं झाली की लाईन तोडायची, असा नियम. मागे सुपरवायझर उभी. बाबा म्हणाले, 'लीला, एक सांगायचं राहिलं...' आणि मी तोडली. माझ्याच हाताने तोडली! चौथ्या दिवशी ते गेल्याची तार आली."

अपूर्वाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण ओठ मिटलेलेच. हात मात्र तिने सोडला नाही.

"आजपर्यंत कोणाले नाही सांगितलं," आजी म्हणाल्या. मग अपूर्वाचा हात थोपटत, "बरं वाटलं बाप्पा." त्यानंतर कुठे बॅटरी संपली.

सरांनी टेप शेवटपर्यंत ऐकली. अपूर्वाचा एक शब्दही त्यात नव्हता. "इतना सब उन्होंने तुम्हें बताया कैसे?" त्यांनी विचारलं.

आता माझ्या टोपीचा भुगा होतोय आणि मी कपाटात पडून असतो. मित्रांनो, माझ्या डोक्यावर टपल्या मारू नका, वायर ओढू नका, एवढं तर मी मागणारच. पण खरी विनंती वेगळीच आहे. घरातलं कुणी बोलायला लागलं, तर त्याला माझ्या भरवशावर सोडू नका. त्या दुपारी आजींचा शब्द न् शब्द मी ऐकला; पण तेवढ्यावर त्या बोलल्या नसत्या.